सोळावं मिनिट



पत्रिकेवर आजचा विषय ‘सॉफ्टवेअर फ्रेमवर्क आणि प्रोग्रॅमरांमधील जनजागृती’ असा छापला आहे. जनजागृती हा शब्द मतदानाला शोभतो, रक्तदानाला शोभतो, पोलिओच्या डोसाला शोभतो. काय करायचं ते तिथे ठरलेलं असतं, लोकांच्या कानावर घालणं तेवढं बाकी असतं. फ्रेमवर्कचं तसं नाही. प्रोग्रॅमर मंडळी काही झोपलेली नसतात. रोज नव्या साधनाची हाळी ऐकून ती उलट कावलेली असतात. एखाद्या फ्रेमवर्कचं नाव कानावर पडणं आणि त्याची ओळख होणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं काम जाहिरातीने होतं. दुसरं मात्र फ्रेमवर्क घडवणाऱ्यांनाच, घडवता घडवता, लिहून करावं लागतं, आणि त्या लिहिण्यात आपली वस्तू कुठे तोकडी पडते हेही यावं लागतं. आज मला एवढंच म्हणायचं आहे. त्यासाठी मी मुख्यतः एकाच फ्रेमवर्कचं उदाहरण घेणार आहे. त्याचं नाव जँगो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये सुरुवातीला ‘डी’ आहे, पण तो उच्चारायचा नाही, हा खुलासा त्याच्या अधिकृत प्रश्नोत्तरांतच करून ठेवलेला आहे. नावाच्या उच्चारापासून ज्यांनी ओळख करून दिली, त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

सभेत प्रोग्रॅमर नसलेलेही बरेच जण दिसतात, म्हणून आधी फ्रेमवर्क म्हणजे काय ते सांगतो. घरच्या कार्याला आपण कधी मोठी भांडी भाड्याने आणतो. भांडी आपल्या घरी येतात आणि आपण सांगू तेव्हा चुलीवर चढतात. प्रोग्रॅमरच्या भाषेत ही लायब्ररी. फ्रेमवर्क म्हणजे मंगल कार्यालय. दार किती वाजता उघडणार, पंगत कुठे बसणार, वीज कुठून घ्यायची, सगळं तिथे आधीच ठरलेलं असतं. आपण वधूवर आणि वऱ्हाड घेऊन जायचं. लायब्ररीला आपला कोड हाक मारतो, फ्रेमवर्क मात्र आपल्या कोडला हाक मारतं. यात सोय मोठी आहे. प्रत्येक वेबसाइटला लागणारं लॉग-इन, फॉर्म, डेटाबेसशी बोलणं, पत्त्यावरून पान शोधणं हे पुन्हा पुन्हा लिहावं लागत नाही. पण मांडव पडल्यावर कार्यालय बदलता येत नाही. फ्रेमवर्कची निवड कंपनीला पाच-पाच, दहा-दहा वर्षं बांधून ठेवते, आणि निवड करणारा माणूस तोवर बहुधा दुसरीकडे गेलेला असतो. साबणाची जाहिरात फसली तर एक वडी वाया जाते. इथे तसं नाही, आणि म्हणूनच फ्रेमवर्कची ओळख साबणासारखी करून देता येत नाही.

आता एका गाजलेल्या जाहिरातीकडे वळू. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन या डॅनिश प्रोग्रॅमरने बेसकँप नावाचं कामकाज-व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर रूबी भाषेत लिहिलं. त्यातला पुन्हा वापरता येण्याजोगा भाग वेगळा काढून त्याने २००४ मध्ये ‘रूबी ऑन रेल्स’ या नावाने सगळ्यांसाठी खुला केला. पुढच्या वर्षी त्याचा एक व्हिडिओ फिरू लागला: पंधरा मिनिटांत ब्लॉग तयार. पडद्यावर एक साधा एडिटर आणि एक ब्राउझर. दोन-चार आज्ञा, थोडं टंकलेखन, आणि नोंदी लिहिता येतात, खोडता येतात, त्यावर अभिप्राय देता येतात. तेव्हाच्या जावाच्या जगात एवढ्याच कामासाठी एक्सएमएलच्या फाइलींचे ढीग रचावे लागत. ते रचून थकलेल्या माणसाला हा चमत्कार वाटला आणि त्यात त्याचं काहीच चुकलं नाही. सॉफ्टवेअरच्या इतिहासात इतक्या थोड्या वेळात इतकं काम केलेली प्रात्यक्षिकं फार नाहीत. तो व्हिडिओ फसवा होता असं मी म्हणणार नाही. त्यात दाखवलं ते सगळं खरं होतं.

पण कीर्तनाची जाण असलेल्यांना त्यात काय राहून गेलं ते चटकन समजेल. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात अभंग घेऊन त्याचं निरूपण होतं, सिद्धांत मांडला जातो. उत्तररंगात आख्यान रंगतं. लोक आख्यानासाठी येतात, पण आख्यान उभं असतं निरूपणावर. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे पूर्वरंगाविना उत्तररंग. फॉर्म आपोआप कसा तयार झाला, फॉर्ममधली माहिती डेटाबेसात कोणत्या वाटेने गेली, त्या वाटेवर पहारा कुणाचा, हे प्रश्न सोळाव्या मिनिटाला येतात आणि व्हिडिओ तर संपलेला असतो.

त्या वाटेवर काय होऊ शकतं ते ४ मार्च २०१२ रोजी दिसलं. रेल्समध्ये एक सोय होती. फॉर्ममधून आलेली सगळी मूल्यं एका ओळीत डेटाबेसातल्या नोंदीवर चढवता येत: नाव, ई-मेल, पत्ता, जे येईल ते. समजा एखाद्याने फॉर्ममध्ये नसलेला रकाना स्वतःच विनंतीत घुसडला, ‘ही नोंद कोणाच्या मालकीची’ हा रकाना, तर तोही चढे. काय चढू द्यायचं याची यादी प्रोग्रॅमरने स्वतः लिहायची होती. तसं डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलंही होतं. अनेकांनी ती यादी लिहिलीच नाही. एका तरुण प्रोग्रॅमरने हा धोका रेल्सच्या चमूपुढे मांडला, तेव्हा ही जबाबदारी वापरणाऱ्याची आहे अशा आशयाचं उत्तर त्याला मिळालं. मग त्याने तो धोका थेट गिटहबवर दाखवून दिला. गिटहब ही जगभरच्या प्रोग्रॅमरांची कोठी, आणि तीही रेल्सवरच उभी. तिथल्या एका फॉर्ममध्ये मालकीचा रकाना घुसडून त्याने स्वतःची किल्ली रेल्स प्रकल्पाच्या नावावर चढवली आणि खुद्द रेल्सच्याच भांडारात एक बदल करून दाखवला. रेल्स कोळून प्यायलेल्या कंपनीलाही ती फट दिसली नव्हती. त्याच महिन्याच्या अखेरीस रेल्सने नव्या प्रकल्पांसाठी पहारा मुळापासून चालू ठेवायला सुरुवात केली, आणि २०१३ च्या चौथ्या आवृत्तीत यादी लिहिल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये अशी रचना आली.

यावर कुणी म्हणेल की डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं होतं आणि तरी लोक चुकले, मग तुमच्या लिहिण्याच्या आग्रहाला अर्थ काय? आक्षेप रास्त आहे. माझ्या म्हणण्याला त्यातूनच नेमकेपणा येतो. ग्रंथालयातल्या कपाटात ठेवलेली सूचना ही सूचनाच नव्हे. ती हात जिथे पडतो तिथे हवी, आणि जिथे सूचनेने भागत नाही तिथे कडीच लावलेली हवी. ओळख करून देणं म्हणजे माहितीपत्रक वाटणं नसून वस्तूच्या रचनेत ती माहिती विणणं आहे. याचा नमुना म्हणून मी जँगोकडे येतो. जँगो निर्दोष आहे म्हणून नव्हे. हाच दोष त्यातही होता, ते पुढे सांगतोच.

जँगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स या गावात, ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ नावाच्या स्थानिक वृत्तपत्राच्या वेब विभागात झाला. साल २००३. एड्रियन होलोव्हॅटी हा पत्रकारितेचं शिक्षण घेतलेला प्रोग्रॅमर आणि सायमन विलिसन हा इंग्लंडहून आलेला तरुण, असे दोघे पीएचपी ही भाषा सोडून पायथन या भाषेकडे वळले. वृत्तपत्राच्या कचेरीत कामाला मुदत असते आणि ती तासांत मोजलेली असते. निवडणूक उद्या आहे, तर निकालाचं पान आज उभं राहिलं पाहिजे. शिवाय ते पान भरणार बातमीदार, म्हणजे प्रोग्रॅमर नसलेली माणसं. त्यामुळे माहिती भरण्याचा नीटनेटका पडदा, ज्याला जँगोत ‘अ‍ॅडमिन’ म्हणतात, तो या फ्रेमवर्कच्या गाभ्यातच आला. जेकब कॅप्लन-मॉस पुढे येऊन मिळाला. जुलै २००५ मध्ये त्यांनी हे सगळं बीएसडी परवान्याखाली खुलं केलं आणि जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं नाव त्याला दिलं. वृत्तपत्राच्या या जन्मकथेत मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. तिथे लिहिणं हे दुय्यम काम नव्हतं. वाचकाला काय ठाऊक नाही याचा अंदाज घेऊन पहिलं वाक्य लिहायचं, ही बातमीदाराची सवय. ती या प्रकल्पाच्या डॉक्युमेंटेशनमध्ये उतरली असं मी मानतो. हे अनुमान आहे, पण पानं उघडली की ते पटतं.

त्यांचा पहिला पाठ पाहा. विषय साधा: मतचाचणी. एक प्रश्न, त्याखाली पर्याय, बटण दाबलं की त्या पर्यायाचं एक मत वाढतं. चौथ्या भागात मत नोंदवण्याचा कोड येतो आणि त्याखाली बरीच वर्षं एक टीप होती. टीप सांगे की वर दिलेल्या कोडमध्ये एक दोष आहे. समजा मतं ४२ आहेत. दोघांनी अगदी एकाच क्षणी बटण दाबलं. दोघांच्याही वेळी ४२ हाच आकडा वाचला जाईल, दोघांच्याही वेळी त्यात एक मिळवून ४३ लिहिला जाईल, आणि व्हायला हवे होते ४४. एक मत हरवलं. याला काय म्हणतात आणि उपाय कुठे वाचायचा, तेही तिथेच. पुढे पाठातला कोडच बदलून हिशेब डेटाबेसावर सोपवला गेला. विक्रीच्या दृष्टीने ही टीप म्हणजे वेडेपणा. गिऱ्हाईक दुकानात शिरतंय आणि दुकानदार सांगतो, मी आत्ता दाखवलेला नमुना गर्दीत चुकतो. पण शिकणाऱ्याला त्या एका टिपेतून जे मिळतं ते दहा डेमोंतून मिळत नाही. आपण लिहिलेला कोड एकट्यासाठी नव्हे, एका वेळी अनेकांसाठी चालतो, हे त्याला ४२, ४३ आणि ४४ या तीन आकड्यांत समजतं.

सूचना हात पडेल तिथे, असं मी मघाशी म्हटलं. जँगोत नवा प्रकल्प सुरू केला की सेटिंग्जची फाइल आपोआप तयार होते. त्यात ‘डीबग’ची ओळ असते आणि तिच्या डोक्यावर टिप्पणी असते की प्रत्यक्ष लोकांसाठी साइट चालवताना हे चालू ठेवू नका. कारण डीबग चालू असताना चूक झाली तर जँगो एक लांबलचक पिवळसर पान दाखवतं. कोणत्या फाइलीत, कोणत्या ओळीत, तेव्हा कोणत्या चलात काय होतं, सगळं. प्रोग्रॅमरला ते पान म्हणजे वरदान आणि चोराला घराचा नकाशा. वाचकाने सुरक्षेचं प्रकरण उघडण्याची वाट ही सूचना बघत नाही. ज्या ओळीत चूक होणार तिथेच ती बसलेली आहे. आता तो दोष. फॉर्ममध्ये कोणते रकाने घ्यायचे हे न सांगता मॉडेलवरून, म्हणजे डेटाबेसातल्या नोंदीच्या आराखड्यावरून, आपोआप फॉर्म बनवण्याची सोय जँगोतही होती, म्हणजे उद्या मॉडेलमध्ये एखादा नाजूक रकाना वाढवला तर तो नकळत फॉर्ममध्ये उघडा पडणार. २०१३ च्या १.६ आवृत्तीपासून असा कोड चालवला की जँगो इशारा देऊ लागलं, आणि २०१५ च्या १.८ आवृत्तीत तो कोड चालेनासाच झाला. दोन आवृत्त्या इशारा, मग कडी. जुनी वाट बंद करताना आधी काही आवृत्त्या आवाज द्यायचा, हा या प्रकल्पाचा लेखी नियमच आहे. माझ्या मते खरी जागृती हीच, कारण ती ज्याला गरज आहे त्यालाच, त्याच्याच पडद्यावर आणि त्याच्याच कोडकडे बोट दाखवून होते.

होलोव्हॅटी आणि कॅप्लन-मॉस यांनी जँगोवरचं पुस्तक छापण्याआधी एकेक प्रकरण करून वेबवर मोफत ठेवलं, आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेजारी वाचकाला शेरा लिहिण्याची जागा दिली. कुठे अडखळलो हे वाचकाने त्या परिच्छेदापाशीच लिहायचं. छापील आवृत्ती २००७ च्या अखेरीस आली. आपल्याकडे पोथीच्या समासात टिपा लिहिण्याची रीत जुनी आहे, पण त्या टिपा लेखकापर्यंत पोहोचत नसत. त्याहून मोठा धीर २००८ च्या सप्टेंबरात दिसला. जँगोकॉन ही पहिली परिषद कॅलिफोर्नियात भरली. जेमतेम त्याच महिन्यात १.० आवृत्ती आली होती; म्हणजे घरात बारसं. बीजभाषणाला ज्यांना बोलावलं त्यांत फ्लिकर ही साइट बांधणाऱ्यांपैकी कॅल हेंडरसन होते, आणि त्यांच्या भाषणाचं शीर्षक होतं ‘मला जँगोचा तिटकारा का आहे’. भाषण विनोदी होतं, पण टोले खरे होते: मोठ्या साइटला माहिती अनेक डेटाबेसांत वाटावी लागते, आणि जँगो एकाच डेटाबेसाला धरून बसलं होतं. मे २०१० मधल्या १.२ आवृत्तीत अनेक डेटाबेसांची सोय आली. तेवढं एक भाषणच तिला कारण झालं असं म्हणणं बाळबोध होईल. पण बारशाला टीकाकाराला व्यासपीठावर बसवल्याने घरच्यांना आणि पाहुण्यांना एकाच वेळी कळलं की ही वस्तू कुठवर पुरते. आपल्याकडच्या किती प्रकाशन समारंभांत असं होतं, हा प्रश्न मी सोडून देतो.

चांगली वस्तू आपोआप पसरते, असं काहींचं म्हणणं असतं. पायथनच्याच जगात याचं उत्तर आहे. जँगोच्या सात वर्षं आधी, १९९८ मध्ये, झोप नावाचं वेब फ्रेमवर्क खुलं झालं होतं. ते अतिशय सामर्थ्यवान होतं. वस्तू जशाच्या तशा साठवणारा स्वतःचा डेटाबेस त्यात होता, ब्राउझरमध्ये बसून काम करता येई, आणि प्लोन ही मोठी व्यवस्था त्यावर उभी राहिली. पण ते शिकण्याची चढण इंग्रजी ‘झेड’ अक्षरासारखी आहे अशी थट्टा त्याच्याच चाहत्यांत चाले: थोडं सपाटीवर जायचं, मग एकदम मागे फिरावं लागायचं. गुणवत्ता होती, उंबरा उंच होता. दुसरा दाखला वेबपानाचा दर्शनी भाग बांधणाऱ्या रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट साधनाचा. मे २०१३ मध्ये फेसबुकच्या दोघांनी अमेरिकेतल्या जावास्क्रिप्ट परिषदेत ते दाखवलं, तेव्हा जावास्क्रिप्टच्या पोटात एचटीएमएलसारख्या खुणा पाहून बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, कारण दोन्ही वेगळं ठेवायचं हा तेव्हाचा शिष्टाचार होता. त्याच वर्षी बर्लिनमध्ये पीट हंट यांनी हा शिष्टाचारच तपासायला घेतला. टेम्प्लेट वेगळी फाइल केल्याने दोन तंत्रं वेगळी होतात, कामं वेगळी होत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. वस्तू तीच होती. पहिल्या खेपेला ती दाखवली गेली, दुसऱ्या खेपेला तिचं कारण सांगितलं गेलं. हा पूर्वरंग झाला आणि मग लोक ऐकू लागले.

उलट बाजूने आक्षेप येतो की अहो, तुमचा सगळा सात्त्विकपणा कबूल, पण गाजावाजा केला रेल्सने, आणि वेब फ्रेमवर्क या कल्पनेचं वारं आणलं त्यानेच. हे मी अर्धं मान्य करतो. डिसेंबर २००५ मध्ये शिकागोतल्या डीपॉल विद्यापीठात होलोव्हॅटी आणि हाइनमायर हॅन्सन एका व्यासपीठावर आले आणि आपापलं फ्रेमवर्क मांडून गेले. रेल्सच्या बोलबाल्याचा फायदा जँगोलाही झाला हे उघड आहे. जँगोच्या सुरुवातीच्या प्रश्नोत्तरांत ‘तुमच्याकडे ते झकास व्हिडिओ आहेत का?’ असा प्रश्नही होता. उत्तराचा आशय असा की येतील, पण अजून गोष्टी बदलत आहेत, १.० ठरू द्या. उत्तर प्रामाणिक आहे, पण १.० यायला २००८ उजाडलं. तीन वर्षं नवख्याला ताटकळत ठेवणं ही चूकच. आख्यान हवं, मी त्याच्या विरुद्ध नाही. मात्र आख्यानाने आलेल्या माणसाला निरूपण सापडलं नाही, तर तो ती वस्तू वापरतो आणि ओळखत नाही.

ओळखीत आणखी दोन गोष्टी येतात ज्या कोणत्याही डेमोत दिसत नाहीत: परवाना आणि आयुष्य. रिअ‍ॅक्टच्या परवान्याला पेटंटविषयीचं एक कलम जोडलेलं होतं. ते वापरणाऱ्या कितीशा प्रोग्रॅमरांनी वाचलं असेल? जुलै २०१७ मध्ये अपाची फाउंडेशनने आपल्या प्रकल्पांना तो परवाना वर्ज्य ठरवला, सप्टेंबरात वर्डप्रेसच्या प्रमुखांनी रिअ‍ॅक्ट सोडण्याचं जाहीर केलं, आणि काही दिवसांतच फेसबुकने परवाना बदलून एमआयटी केला. आयुष्याचा दाखला अँग्युलर या फ्रेमवर्कचा. ऑक्टोबर २०१४ मध्ये पॅरिसच्या परिषदेत दुसऱ्या आवृत्तीची रूपरेषा मांडली गेली, तेव्हा जुन्या प्रकल्पांना तिच्यावर जायची सरळ वाट नाही हे ऐकून लोक हबकले. जुन्या आवृत्तीला, म्हणजे अँग्युलरजेएसला, आधार मिळत राहिला, तो ३१ डिसेंबर २०२१ ला संपला. जँगोने काही आवृत्त्यांना दीर्घ आधार देण्याची पद्धत घातली आणि कोणती आवृत्ती कधीपर्यंत सांभाळली जाईल याचा तक्ता डाउनलोडच्या पानावर लावून ठेवला. तो तक्ता रुक्ष आहे. दहा वर्षांची जबाबदारी घेणाऱ्या माणसाने आधी तोच वाचावा.

हे सगळं लिहायचं कुणी? कोड लिहिणाऱ्याला कौतुक मिळतं, पाठ लिहिणाऱ्याला क्वचित. जँगोच्या संस्थेने २०१४ पासून देणग्यांतून पगारी माणूस नेमायला सुरुवात केली, तो आलेले बदल तपासतो, तक्रारी निस्तरतो, आवृत्त्या काढतो. म्हणजे घर झाडण्याचं काम फुकट होत नाही हे मान्य केलं. त्याच वर्षी बर्लिनमध्ये युरोपायथन परिषदेच्या निमित्ताने ओला सेंडेत्स्का आणि ओला सितार्स्का या दोघींनी ‘जँगो गर्ल्स’ची पहिली कार्यशाळा घेतली, ज्यांनी कधी प्रोग्रॅम लिहिला नाही अशा स्त्रियांसाठी. त्यांचा पाठ जँगोपासून सुरूच होत नाही. इंटरनेट कसं चालतं इथून तो सुरू होतो: तुम्ही पत्ता टाइप करता म्हणजे एक पत्र पाठवता, ते जवळच्या टपाल कचेरीत जातं, तिथून पुढच्या, असं करत पोहोचतं. मग कमांड लाइन, मग पायथन, आणि बऱ्याच वेळाने जँगो. पाठ कुणालाही मोफत वापरता, अनुवादता येतो. म्हणून जगभरातल्या शहरांत स्वयंसेवकांनी याच पाठावर कार्यशाळा घेतल्या. जँगोचा प्रचार करायचा म्हणून हा पाठ लिहिला गेला नव्हता, आणि तरी अनेकांना जँगो पहिल्यांदा भेटलं ते इथेच.

हल्लीचा आक्षेप असा की आता कृत्रिम बुद्धिमत्ताच कोड लिहून देते, मग पाठ वाचणार कोण? मला हा जुनाच व्हिडिओ नव्या वेषात आलेला दिसतो. तेव्हा पंधरा मिनिटं लागत, आता पंधरा सेकंद लागतात. सोळावं मिनिट आहे तिथेच आहे. यंत्राने लिहिलेल्या मतमोजणीत ४४ च्या जागी ४३ आले तर ते ओळखणारा माणूस लागेलच. आणि ही यंत्रंही लिहून ठेवलेल्या मजकुरावरच शिकलेली असतात. ज्याचे दोष कुणी लिहून ठेवले नाहीत, त्याचे दोष यंत्राला तरी कुठून कळणार?

शेवटी आपल्या भाषेविषयी, कारण ही व्याख्यानमाला मराठीत आहे आणि पुण्या-मुंबईत फ्रेमवर्क वापरणाऱ्यांची वानवा नाही. जँगोच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, ‘एमआर’ या संकेताने. म्हणजे मराठी साइटला महिन्यांची नावं, चुकांचे संदेश मराठीत देण्याची वाट उघडी आहे. प्रोग्रॅमर इंग्रजीत शिकतो, मग मराठीची गरज काय, असं विचारलं जातं. मॉडेल, व्ह्यू, मायग्रेशन हे शब्द तसेच राहू द्यावेत, त्यांना संस्कृतचे जरीकाठ लावू नयेत, या मताचा मी आहे. समजावणी मराठीत हवी, संज्ञांचं भाषांतर नको. ती ४२ आणि ४४ ची टीप शुद्ध घरगुती मराठीत सहज सांगता येते, मी आताच सांगितली. भाषांतर खरोखर लागतं ते प्रोग्रॅमरच्या पलीकडच्या माणसासाठी. फॉर्म अर्धवट सोडला की जँगो सांगतं, हे ‘फील्ड’ भरणं आवश्यक आहे. कोशातून ‘फील्ड’ला ‘क्षेत्र’ उचललं, तर पीकविम्याचा अर्ज भरणाऱ्या शेतकऱ्याला नावाच्या चौकटीखाली ‘हे क्षेत्र आवश्यक आहे’ असं दिसेल, आणि सातबाऱ्यावर क्षेत्र म्हणजे जमिनीचं माप हे त्याला पाठ असल्याने तो तिथे हेक्टर आणि आर भरून मोकळा होईल. तलाठी कार्यालयात ज्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘रकाना’ म्हणतात, तोच शब्द तिथे घालायला हवा.